उतारा कुणाच्या हातात

आत्या, तुम्ही गेल्यावर या घरात पहिलं भांडण झालं ते तुमच्या कागदांवरून. जलदान विधी होऊन पाहुणे पांगले होते, मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडलेले होते आणि तुमचा लेक चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसला होता. म्हणाला, "आईचा हट्ट होता म्हणून इतके दिवस चालवून घेतलं. आता तो बँकेच्या कागदांचा पसारा बंद. सगळं मोबाईलवर घेऊ." त्यात वाईट काही नव्हतं. दमलेला माणूस बोलतो तसा तो बोलला. पण 'पसारा' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी म्हटलं, "पसारा नका म्हणू. आत्यांचे उतारे होते ते." आणि इतके दिवस पाहुण्यांच्या चहापाण्यात अडकून राहिलेलं रडू त्या एका शब्दावर बाहेर पडलं. शेजारच्या यमुनाकाकूंना वाटलं, सून सासूच्या आठवणीनं रडतेय. आठवण होतीच, पण निम्मं रडू रागाचं होतं.

त्या दिवशी तुमच्याबद्दल चार शब्द बोलायला बरेच जण उभे राहिले. कुणी म्हणालं मायाळू होत्या. कुणी म्हणालं सोशिक होत्या. सोशिक! मी तोंडाला पदर लावला म्हणून निभावलं, नाहीतर भरल्या मांडवात हसले असते. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली, नव्या डॉक्टरला "आदी हात धुवा सायेब, मंग पेशंटला शिवा" म्हणून सांगणारी बाई सोशिक? मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सुनेला कोण सांगतं? म्हणून आता लिहितेय, आणि तुमच्याशीच बोलतेय. तुम्हाला मधेच तोडता येत नाही, याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा घेतेय.

बँकेच्या स्टेटमेंटला तुम्ही कधी स्टेटमेंट म्हणाला नाहीत. जमिनीचा सातबारा निघतो तो उतारा, तर पैशाचा कागद निघतो तोही उताराच. माझं काम पडलं तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात. दिवसभर मी लोकांना संगणकावरून उतारे काढून देते, आणि घरी आले की तुम्ही विचारायच्या, "आज किती जनांचं उतारं काढलं गं?" जसं काही मी मांत्रिकच आहे आणि लोकांच्या अंगावरून लिंबू-नारळ ओवाळून टाकते. कारण तिसरा उतारा तोच ना आपल्याकडे. दहीभात, अंडं, हळद-कुंकू लावलेलं लिंबू तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर ठेवायचं आणि मागं वळून न बघता निघून यायचं. ज्याचा पाय पडेल त्याच्यामागं पीडा.

तुम्ही त्या पीडेलाच वाकुल्या दाखवल्या. तुमच्या वडलांनी दीक्षा घेतली, घरातले देवांचे टाक नदीत सोडले आणि पोरांना सांगितलं, आजपासून भ्यायचं नाही. बाकीच्या पोरांनी ते ऐकलं. तुम्ही ते खाल्लं. तिकाटण्यावरचा नारळ उचलायचा, तिथंच दगडावर फोडायचा आणि खोबरं परकराच्या ओच्यात घेऊन घरी यायचं. लग्नानंतरही सवय गेली नाही. माझं लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात खोबऱ्याची चटणी वाढलीत आणि मी दोन घास खाल्ल्यावर सांगितलंत की नारळ कुठला आहे. मी बौद्धाचीच लेक, पण आमच्या घरी असल्या वाटेनं न जाण्याइतकं भय शिल्लक होतं. घास घशात अडकला. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं केलात आणि म्हणालात, "गिळ. काय होत न्हाई. झालं तर दवाखान्यात माझी वळख हाय."

लिंबाचा किस्सा तर मी केंद्रात सगळ्यांना सांगत असते. पोस्टमन आला, आपल्या फाटकाला कडी होती. त्यानं तुमच्या बँकेचं पाकीट भिंतीच्या कठड्यावर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून यमुनाकाकूंच्या झाडाचं गळून पडलेलं पिवळं लिंबू त्याच्यावर ठेवून तो निघून गेला. यमुनाकाकू पाणी भरायला बाहेर आल्या आणि त्यांनी तो सगळा थाट पाहिला. पांढरं पाकीट, वर लिंबू, तेही आपल्या दारात. त्या तिथूनच ओरडल्या, "आगं ए चांगुने, भाईर येऊ नको! तुझ्या दारात कुनीतरी उतारा टाकलाय!"

तुम्ही आत पोहे परतत होता. तिथूनच ओरडलात, "आला का? कवाची वाट बघतीय मी!"

यमुनाकाकूंच्या हातातली कळशी कलली. "वाट बघतीय? आगं लिंबू हाय त्याच्यावर!"

"आसू दे की. लिंबू पन आन आत."

मी कठड्यापर्यंत पोचले तर यमुनाकाकूंनी माझा दंडच धरला, हात लावू देईनात. शेवटी तुम्ही स्वतः उलथनं घेऊन बाहेर आलात, पाकीट काखेत मारलंत, लिंबू हुंगून पाहिलंत, आणि तेच पोह्यांवर पिळलंत. यमुनाकाकूंना बशी दिलीत. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही, चहा मात्र घेतला. स्वतःच्याच झाडाचं लिंबू होतं, हे त्यांना नंतर कधी तरी पटलं.

ते पाकीट तुम्ही कसं उघडायचात, ते मला अजून दिसतं. सुरीनं, एका बाजूनं, बाळंतिणीचे टाके तोडावेत तसं हलक्या हातानं. आतलं सगळं इंग्रजीत. तुमची शाळा चौथीला सुटली, ती मराठी. पण पाकिटाच्या खिडकीतून दिसणारं तुमचं नाव तेवढं इंग्रजीत वाचायला तुम्ही शिकला होतात. त्यावर बोट ठेवून वाचायच्या, "श्रीमती चांगुनाबाई." दवाखान्यात तुम्हाला सगळे 'मावशी' म्हणायचे, रागावलेले 'ए आया' म्हणायचे. गल्लीत तुम्ही अनिलची आई. श्रीमती फक्त ती बँक म्हणायची. पत्र, लग्नपत्रिका, लाईटचं बिल, सगळं आधी सासऱ्यांच्या आणि मग लेकाच्या नावानं येत राहिलं. तुमच्या नावानं दारात येणारं एवढं एकच होतं.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. पण मला ते पुरेसं कारण वाटत नव्हतं. नाव काय, मोबाईलवरही येतं. मी तुम्हाला तसं म्हणायचेही. तुम्ही म्हणायच्या, "मोबाईल कुनाचा?"

आणि तिथंच आपलं भांडण सुरू व्हायचं.

मोबाईल तुमच्या लेकाचा. बँकेनं खात्याला नंबर मागितला तेव्हा तुमच्याकडे फोन नव्हता, तर त्यानं स्वतःचा दिला. कुणाच्याच मनात काही नव्हतं. आपल्याकडे अर्ध्या तालुक्यातल्या बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर पोराचा नंबर आहे. हे मी सांगतेय, रोज त्यांचे अर्ज भरणारी. खातं तिचं, सही तिची, अंगठा तिचा आणि मेसेज वाजतो ह्याच्या खिशात. मग एके दिवशी तुम्ही पेन्शनमधले पैसे काढायला गेलात. उन्हातान्हाचं चालत घरी आलात त्या तावातावानंच. चप्पलसुद्धा काढली नाहीत.

"आगं, मी बँकंच्या पायऱ्या उतरले न्हाई तवर ह्याचा फोन शिपायाच्या फोनवर! म्हनतो आईला द्या. मला म्हनतो, आई, यवढं कशाला काढलं?"

तुमचा लेक त्या वेळी कारखान्यावर ड्युटीला होता. संध्याकाळी आला तेव्हा तुम्ही त्याला जेवू दिलंत, पाणी दिलंत आणि मग समोर बसवलंत. मी भांडी घासता घासता ऐकत होते.

"विचारू नको म्हनत न्हाई मी तुला. लेक हाईस. पन मी सांगायच्या आदी तुला कळतंच कसं?"

तो म्हणाला, "आई, फसवणूक लई चाललीय. परवा आमच्या सुपरवायझरच्या आईला फोन करून सगळं खातं धुतलं. मेसेज माझ्याकडे येतो म्हणून मी निवांत असतो."

"तू निवांत. आन मी?"

  पण फसवणुकीचं तो खोटं बोलत नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. माझ्या टेबलासमोर रडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तीन महिन्यांनी येणारा कागद अशा वेळी काय कामाचा? घर जळून गेल्यावर पंचनामा. मी हेच तुम्हाला म्हटलं होतं, शब्द न् शब्द. तुम्ही म्हणालात, "पंचनामा तर पंचनामा. माझ्या घराचा हाय, माझ्या म्होरं हुईल."

मग मी तोडगा काढला. स्वतःवर फार खूश होते मी त्या तोडग्यावर. तुम्हाला साधा फोन घेऊन द्यायचा, त्याचा नंबर खात्याला लावायचा आणि मेसेज आला की मी वाचून दाखवायचा. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. पानाला चुना लावलात. मग म्हणालात, "म्हंजी अनिलच्या जागी तू. शिपाई बदलला, चौकी तीच."

"मग कागद तरी कुठं वाचता येतो तुम्हाला?" मी चिडून म्हटलं.

"न्हाई येत. पन त्यो गप बसतो कपाटात. तुमचा मोबाईल बोलतो."

आत्या, त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. रात्रीची भाकरी तुम्ही थापलीत, मी भाजली, आणि मधे एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या डब्यात लसणाची चटणी जास्त घातलीत. आपल्या घरात माफी अशीच मागितली जाते, हे मला माहीत होतं. पण मत बदललं असा त्याचा अर्थ नव्हता, हेही माहीत होतं.

चटणीवरून आठवलं. तुमच्या लेकानं एकदा कारखान्यावर चटणी न्यायला कपाटातला वरचाच कागद काढला आणि पुडी बांधली. तो तुमचा उतारा होता. घरभर काय रणकंदन माजलं! तो म्हणत होता, "आई, जुना आहे गं तो, काय त्यात!" तुम्ही म्हणालात, "तुझा दहावीचा दाखला पन जुना हाय. बांधू का त्याच्यात बोंबील?" पुडी सोडून चटणी डब्यात गेली, तेलाचे डाग पडलेला उतारा उन्हात वाळत पडला आणि तुम्ही त्याच्याशेजारी राखण बसलात. मी हसत होते. तुम्हीही मग हसायला लागलात. पण उठला नाहीत.

आता एक गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही, तुमच्या लेकालाही नाही. मी सेवा केंद्रात नोकरी करावी की नाही, यावर या घरात बैठक बसली होती. नणंदा होत्या, चुलतसासरे होते. माणसं येतात-जातात तिथं, बाईमाणूस एकटं, वगैरे. तुम्ही कोपऱ्यात बसला होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मी रातपाळीला दवाखान्यात जात हुते तवा तुमी कुनी आडवं आला न्हाई. पगार येत हुता म्हनून. तिचा पन येईल." बैठक उठली. मला तेव्हा तुमच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडले नाही, तुम्हाला ते चाललं नसतं. पण तोंडानं तरी म्हणायला हवं होतं. तेही राहिलंच. ते आता म्हणते. आत्या, तुमच्यामुळं मी रोज घराबाहेर पडते, चार माणसं मला नावानं ओळखतात, आणि संध्याकाळी परत येताना माझ्या पाठीत कणा असतो.

माझा पहिला पगार झाला. केंद्राच्या मालकानं खात्यात टाकला. संध्याकाळी तुमच्या लेकानं घरात पाऊल टाकताच आनंदानं सांगितलं, "अगं, तुझा पगार आला!" पेढे आणले होते त्यानं, खरंच मनापासून आणले होते. सगळ्यांनी खाल्ले. तुम्ही पेढा हातात धरून बसलात आणि मला विचारलंत, "तुझा उतारा कुनाकडं येतो गं?"

मी म्हटलं, "ह्यांच्याकडंच की. नंबर ह्यांचाच आहे. ई-मेलही ह्यांचाच."

"मंग पेढं बी त्याचंच," तुम्ही म्हणालात आणि पेढा खाल्लात.

मला इतका राग आला होता! एवढा चांगला नवरा, पेढे घेऊन आलेला आणि तुम्ही त्यातही खुसपट काढलंत. मला वाटलं, सासू ती सासूच, सुनेचं सुख बघवत नाही. त्या प्रश्नाला मी नंतर कधी उत्तर दिलं नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. एवढ्या तेवढ्यावरून वाद घालणारी बाई त्या एकाच ठिकाणी गप्प राहिली.

मग बँकेचं ते शेवटचं पत्र आलं. यापुढे उतारा ई-मेलवर पाठवू, कागद हवा असेल तर शाखेत येऊन लेखी कळवा. मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "चल." मी म्हटलं, आज केंद्रात गर्दी आहे, सोमवारी जाऊ. सोमवारी तुमच्या छातीत भरून आलं आणि आपण गेलो ते तुमच्याच जुन्या दवाखान्यात. खाटेवरून तुम्ही नव्या आयाला चादर कशी घालायची ते सांगत होता. तिथंही मला म्हणालात, "अर्ज दिला का?" मी म्हटलं, बऱ्या व्हा, मिळून देऊ, आणि तिथं उभ्या उभ्या पुन्हा एकदा समजावलं की कागदाचे दिवस आता गेले. तुम्ही तोंड फिरवलंत. भांडणात हरत आलात की तुम्ही तोंड फिरवायच्या, पण त्या दिवशी हरला नव्हता. नुसत्या दमल्या होतात. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. लोक म्हणतात, शेवटचं बोलणं गोड असावं. मी म्हणते, आपलं जसं होतं तसंच झालं, मला त्याची लाज नाही.

तर पसाऱ्याचं सांगत होते. त्या चहाच्या कपानंतर तुमचा लेक कपाटाकडं निघाला. म्हणाला, "खातं बंद करायचंय, आईचे कागद बघून घेऊ. कुठं काय खर्च करत होती तेही कळेल." मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "खातं बंद करायला पासबुक लागतं, मृत्यूचा दाखला लागतो, वारसाचा अर्ज लागतो. उतारे लागत नाहीत. हे माझं रोजचं काम आहे, मला शिकवू नका."

"अगं, पण बघायला काय हरकत आहे? मी मुलगा आहे तिचा."

"त्या असताना बघितले होते का?"

"नाही."

"मग आता पण नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तुमचं नाक आणि तुमचेच डोळे आहेत त्याला, पण तुमची जिद्द काही उतरली नाही. तो बाहेर जाऊन मांडवाचे बांबू मोजायला लागला, जे भाड्याचे होते आणि आधीच मोजून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचे सगळे उतारे काढले आणि बंब पेटवला. एकही उलगडला नाही. तो चटणीचे डाग पडलेला तेवढा ओळखू आला, तो भुर्रकन पेटला. पैसे तुम्ही लेकीला दिलेत, नगरच्या तुमच्या जुन्या मैत्रिणीबरोबर भेळ खाण्यात उडवलेत, की एखाद्या पेशंटच्या पोराच्या फीला दिलेत, मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. तुमच्या लेकानं त्याच बंबाच्या पाण्यानं अंघोळ केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "पाणी आज लई कडक तापलंय." त्याला कळलं होतं. त्याचे डोळे लाल होते आणि तो साबणाला दोष देत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्यावर त्याचं प्रेम कमी नव्हतं, आत्या, हे तुम्हालाही माहीत होतं. प्रेम कमी नसतानाही खिसा दुसऱ्याचाच असतो, एवढंच.

आणि त्या बंबापुढं बसून मला कबूल करावं लागलं की आपल्या वादातला एक मुद्दा तुम्ही जिंकलात. कागद जाळता येतो. मोबाईलवरचं कसं जाळणार? तुम्ही हा मुद्दा कधी मांडला नव्हतात, मांडला असतात तर मी तेव्हाच गप्प झाले असते. पण एक मुद्दा जिंकलात म्हणून वाद जिंकला असं मी मानणार नाही. पुढचं ऐका.

माझ्या खात्याची कागदपत्रं नव्यानं द्यायची होती. बँकेतून फॉर्म आला. त्यात चौकट होती: खाते उतारा, कागदी की ई-मेल. तुमच्या लेकानं पेन काढून दिलं आणि म्हणाला, "ई-मेलवर खूण कर, माझा टाक, नेहमीसारखा." मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, बँकेतच भरते.

जाताना मनाशी ठरवलं होतं की कागदावरच खूण करायची. तुमच्यासाठी. आत्यांचा हट्ट मी चालवणार, बघू कोण पसारा म्हणतो. बँकेत पोचले, काउंटरवर एक पोरगी बसली होती, नवीनच लागलेली. मी पेन टेकवलं आणि थांबले. मला खरंच कागद हवा होता का? तुमची गोष्ट वेगळी होती. तुमच्या हातात कागदाशिवाय दुसरं काही येऊच शकत नव्हतं. मला इंग्रजी वाचता येतं. मी रोज परक्यांच्या पोरांचे ई-मेल उघडून देते, पासवर्ड कसा ठेवायचा ते शिकवते, आणि आपली सासू गेली म्हणून मी तीन महिन्यांनी येणाऱ्या पाकिटाची वाट बघत बसू? तुम्ही वाट बघितलीत, कारण तुम्हाला बघावी लागली. तोच मान म्हणून मी मिरवायचा? नाही आत्या. मला रोजचं रोज बघायचंय, आणि माझं मला बघायचंय.

मी तिथंच बाकावर बसून माझ्या फोनवर माझ्या नावाचा ई-मेल काढला. अख्ख्या तालुक्याचे काढले, माझाच नव्हता. मग फॉर्मवर लिहिला. मोबाईल नंबरच्या रकान्यात माझा नंबर लिहिला. पोरीनं विचारलं, "ताई, जुना नंबर काढून टाकायचा? नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

तिनं बटण दाबलं असेल नसेल, माझा फोन वाजला. तुमचा लेक, कारखान्यावरून. धापा टाकत होता. "अगं, कुठं आहेस? फ्रॉड होतोय! तुझ्या खात्याचा नंबर कुणीतरी बदलतंय, आत्ता मेसेज आलाय मला!"

"कुणीतरी नाही," मी म्हटलं. "मी बदलतेय."

पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला.  मग तो म्हणाला, "घरी ये, बोलू."

घरी आल्यावर त्यानं आधी मला पाणी दिलं. तुम्ही त्याला तेवढं शिकवून ठेवलंत, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. मग म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे. म्हणून तर फोनवर खरं सांगितलं. नसता तर म्हटलं असतं, बँकेची चूक झाली."

"उद्या तुला कुणी फसवलं तर?"

"तर मला कळेल. तेव्हा तुम्हाला हाक मारीन. तुम्ही नाही आलात तर मी पोलिसात जाईन, मला रस्ता माहीत आहे."

 कढी गार होत होती. मग लहान पोरासारखं तोंड करून म्हणाला, "पण लपवण्यासारखं आहे काय त्यात?"

हा प्रश्न त्यानं तुम्हाला किती वेळा विचारला असेल, आत्या. तुम्ही दरवेळी भडकायच्या. मी भडकले नाही. मी त्याला भात वाढला.

तुम्ही असता तर दोघांवरही तुटून पडला असतात. त्याच्यावर, त्यानं विचारलं म्हणून. माझ्यावर, मी कागद घेतला नाही म्हणून. म्हणाला असतात, मेलीनं शेवटी मोबाईलच धरला. हो, धरला. तुम्ही असता तरी हेच केलं असतं आणि तुमच्या तोंडावर केलं असतं. भाकरी तुम्ही थापली असतीत, मी भाजली असती आणि आपण एक अक्षर बोललो नसतो.

काल माझा पहिला उतारा आला. मी चुलीपाशी पाटावर बसून तो उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. पगार, किराणा, गॅस, यमुनाकाकूंच्या नातीच्या वाढदिवसाचा फ्रॉक. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तुमचा लेक समोर बसून माझ्याकडं बघत होता. मी फोन बंद करून मांडीखाली ठेवला आणि त्याला दाखवला नाही.